दादासाहेब फाळके : एका ख्रिस्तचरित्रपटाने घडवलेले जीवन

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे बालाघाटाच्या डोंगररांगेतील क्षेत्र मराठवाड्यात सर्वांना परिचित आहे. डोंगरावरून कोसळणारी पाण्याची धार आणि वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी यांमुळे या स्थानाला महत्त्व प्राप्त झाले आहे. कार्तिक महिन्यात गावोगावचे भाविक दिंड्या घेऊन पायी कपिलधारला येतात. मन्मथस्वामींनी आपला ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. शास्त्रांची भाषा न जाणणाऱ्या सामान्य माणसालाही धर्मतत्त्व त्याच्या स्वतःच्या बोलीत कळावे, हा त्यामागील हेतू होता.

देवाची व संतांची चरित्रे लोकांना समजेल अशा रूपात त्यांच्यापुढे ठेवण्याची ही परंपरा आपल्या ख्रिस्ती समाजालाही परकी नाही. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी प्रभू येशूचे चरित्र सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत गुंफले. १६१६ साली प्रसिद्ध झालेले ते ‘क्रिस्तपुराण’ आजही मराठी साहित्याचे भूषण मानले जाते. या भूमीतील पुराणाचा साचा त्यांनी घेतला आणि त्यात प्रभूची कथा सांगितली.

त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी याच मराठी भूमीत याच्या नेमके उलट घडले. प्रभू येशूच्या चरित्रावरील एक मूकपट पाहून एका मराठी गृहस्थांना वाटले की, हेच साधन वापरून आपल्या लोकांना राम, कृष्ण आणि हरिश्चंद्र यांच्या कथा दाखवता येतील. ते गृहस्थ म्हणजे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके. मराठवाड्यातील जत्रांमधून कनातीच्या तंबूत, जमिनीवर बसून ज्यांनी आयुष्यातील पहिला चित्रपट पाहिला, अशी वडीलधारी माणसे आपल्या धर्मग्रामांत आजही भेटतात. त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या त्या पांढऱ्या पडद्यामागे फाळके दांपत्याचे अपार कष्ट होते. त्या जीवनाची ही ओळख.

बालपण व शिक्षण

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव फाळके हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. दाजीशास्त्री या नावाने ते ओळखले जात. आईचे नाव द्वारकाबाई. पुढे दाजीशास्त्री मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईस आले. स्कॉटिश मिशनने चालवलेल्या त्या महाविद्यालयात एक सनातनी विद्वान संस्कृत शिकवीत होता, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईविषयी बरेच काही सांगून जाते.

धुंडिराजाचा ओढा मात्र पोथीपेक्षा रंगरेषांकडे होता. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, शिल्प आणि वास्तुकला यांचा त्यांनी अभ्यास केला. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी त्यांची हुशारी ओळखून संस्थेची छायाचित्रणाची साधने त्यांना वापरण्यास दिली. एका औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडून त्यांनी सुवर्णपदकही मिळवले. जादूचे प्रयोग करण्याचीही त्यांना आवड होती. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करीत. या सर्व विद्या पुढे एकाच कार्यात उपयोगी पडणार आहेत, याची त्या वेळी त्यांना कल्पना नव्हती.

दुःख आणि धडपड

शिक्षणानंतर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. छायाचित्र काढल्याने आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत असण्याचा तो काळ होता. व्यवसायाने मूळ धरण्यापूर्वीच प्लेगच्या साथीने त्यांच्या संसारावर घाला घातला. १९०० च्या सुमारास त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही या साथीत दगावले.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. वधूचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. किर्लोस्कर नाटक मंडळीशी तिच्या घराण्याचा संबंध होता. विवाहानंतर ती सरस्वतीबाई फाळके झाली. दादासाहेबांच्या यशात या साध्वी स्त्रीचा वाटा किती मोठा होता, हे पुढे येईलच.

काही काळ दादासाहेबांनी पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. परंतु बंगालच्या फाळणीनंतर देशभर स्वदेशीची लाट उसळली आणि त्यांनी सरकारी नोकरीचा त्याग केला. लोणावळ्यास त्यांनी छपाई व उत्कीर्णनाचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचवणारा हा छापखाना होता. चित्रातील देव सामान्य माणसाच्या भिंतीवर कसा येतो, हे त्यांनी येथे जवळून पाहिले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीलाही जाऊन आले. धंदा भरभराटीस आला असतानाच भागीदारांशी मतभेद झाले आणि ते हात झटकून बाहेर पडले. वय चाळिशीचे, हातात नोकरी नाही, धंदा नाही, पदरी वाढता संसार. अशा स्थितीत ते मुंबईत येऊन पोहोचले.

गिरगावातील तो खेळ

भारतात चलच्चित्रे आली ती ७ जुलै १८९६ रोजी. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पहिला खेळ केला. पुढील काही वर्षांत मुंबईत परदेशी चित्रपट नियमितपणे दाखवले जाऊ लागले. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहात गेले असताना पडद्यावर प्रभू येशू ख्रिस्ताचे चरित्र दाखवले जात होते. काही चरित्रकार हा प्रसंग नाताळच्या दिवसांतील असल्याचे सांगतात, तर काही पुनरुत्थानाच्या सणाच्या वेळचा असल्याचे सांगतात. दोन्ही सण प्रभूच्या जीवनाच्या दोन टोकांवरील आहेत. एका सणाला शब्द देहधारी होतो आणि दुसऱ्या सणाला तो मृत्यूवर विजय मिळवतो.

त्या काळचे ख्रिस्तचरित्रपट आजच्या मानाने अगदी साधे असत. त्यांना आवाज नसे. गव्हाणी, चमत्कार, शेवटचे भोजन, क्रूसाची वाट आणि पुनरुत्थान असे एकामागून एक देखावे पडद्यावर येत. तरीही त्यांची शक्ती विलक्षण होती. फ्रान्समध्ये पाथे कंपनीने काढलेल्या अशाच एका जुन्या ख्रिस्तचरित्रपटाचा समावेश व्हॅटिकनने १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त प्रसिद्ध केलेल्या निवडक ४५ चित्रपटांच्या यादीत केला आहे.

गिरगावातील त्या खेळाने दादासाहेबांच्या मनात जे घडले, ते त्यांनी पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत नमूद करून ठेवले. डोळ्यांपुढून प्रभू येशूचे चरित्र सरकत होते आणि त्याच वेळी मनाच्या पडद्यावर त्यांना श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. त्यांनी पुन्हा एकदा तो चित्रपट पाहिला आणि या वेळी सरस्वतीबाईंनाही सोबत नेले. असे चित्रपट आपल्या देशात, आपल्या माणसांकडून तयार झाले पाहिजेत, या विचाराने त्यांना झोप येईना.

येथे एक गोष्ट आपण लक्षात घेतली पाहिजे. परक्या धर्माची कथा म्हणून दादासाहेबांनी त्या चित्रपटाकडे पाठ फिरवली नाही, तसेच तिची टवाळीही केली नाही. ती त्यांनी आदराने पाहिली आणि तिच्यातून स्वतःच्या लोकांसाठी काय घ्यावे, याचा विचार केला. फादर स्टीफन्स यांनी मराठी पुराणांचे जे केले, तेच दादासाहेबांनी ख्रिस्तचरित्रपटाचे केले. दोघांनीही दुसऱ्याच्या घरातील दिव्यावर आपला दिवा लावून घेतला आणि त्यामुळे दुसऱ्याचा दिवा मुळीच मंद झाला नाही.

डोळ्यांची परीक्षा

ध्येय ठरले, पण मार्ग कोणालाच ठाऊक नव्हता. चित्रपट कसा तयार करतात हे शिकवणारी शाळा देशात नव्हती. दादासाहेबांनी चित्रपटासंबंधी मिळतील ती पुस्तके व परदेशी नियतकालिके जमवली. रोज चार-पाच तास ते चित्रगृहात बसून चित्रपट पाहत आणि उरलेला वेळ प्रयोगांत घालवीत. घरातील एकेक वस्तू विकली जाऊ लागली. आप्तेष्टांना वाटले की, यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

या अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी जवळजवळ गेली. ज्याला लोकांना काही दाखवायचे होते, त्यालाच दिसेनासे झाले. सुदैवाने डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी त्यांची दृष्टी परत आली. निरनिराळ्या भिंगांचे तीन-चार चष्मे वापरून ते पुन्हा कामास लागले.

लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणणे आवश्यक होते. परंतु पैसा नव्हता. तेव्हा आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी सुमारे दहा हजार रुपये उभे केले. आपल्या पश्चात कुटुंबाला आधार म्हणून ठेवलेली ती पुंजी होती. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीने लंडनकडे निघाले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना प्रथम या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला. परंतु या भारतीय गृहस्थाची तळमळ पाहून त्यांनीच पुढे निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ त्यांना मोकळेपणाने दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन आणि कच्ची फिल्म व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून १ एप्रिल १९१२ रोजी ते परत आले. त्याच दिवशी फाळके फिल्म्स या संस्थेचा आरंभ झाला.

वाटाण्याचे रोप

चित्रपटासाठी भांडवल देणारा कोणी पुढे येईना. तेव्हा दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि अंकुर फुटल्यापासून वेल वाढेपर्यंतची चित्रे कॅमेऱ्याने टिपली. अनेक दिवसांत घडलेली ही वाढ पडद्यावर सुमारे एका मिनिटात दिसे. हा चिमुकला चित्रपट काही मंडळींना दाखवल्यावर त्यांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले. तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गेले. सुवार्तेतील मोहरीच्या दाण्याचा दाखला वाचताना या वाटाण्याच्या दाण्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

दादरच्या मथुरा भवन या आपल्या राहत्या जागी त्यांनी स्टुडिओ उभारला. कथा निवडली सत्यवचनी राजा हरिश्चंद्राची. दिलेल्या शब्दासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र गमावूनही सत्य न सोडणारा हा राजा. स्वतःच्या शब्दासाठी घरदार गहाण टाकणाऱ्या माणसाने ही कथा निवडावी, हे सुसंगतच होते.

पात्रे मिळवणे ही मोठीच अडचण होती. चित्रपटात काम करणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. कोणी विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीस आहोत असे सांगावे, अशी सूचना दादासाहेबांनी आपल्या माणसांना दिली होती. राणी तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना. समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांनीही नकार दिला. अखेरीस ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना दादासाहेबांनी या भूमिकेसाठी निवडले. त्यांना तेथे दहा रुपये पगार होता. दादासाहेबांनी पंधरा देऊ केले. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दाबके यांनी केले आणि बाळ रोहिताश्वाची भूमिका फाळके यांचा पुत्र भालचंद्र याने केली. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी सांभाळला.

सरस्वतीबाईंचे योगदान

या साऱ्या उद्योगात सरस्वतीबाईंचे स्थान कोणते, हे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. घरात राहून काम करणाऱ्या कलावंतांचा व कामगारांचा स्वयंपाक त्या एकट्या रांधीत. दिवसा चित्रण चालू असताना उन्हाचा प्रकाश पात्रांवर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून त्या तासन्‌तास उभ्या राहत. रात्री मुले झोपल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे आणि फिल्म धुणे ही कामे त्या करीत. अशी कामे करणाऱ्या त्या भारतातील पहिल्या स्त्री मानल्या जातात. मुलाबाळांचा सांभाळ करून आणि अंगावरचे सोने उतरवून देऊन त्यांनी हे केले. चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या नावाची दखल फार उशिरा घेतली गेली. आपल्या धर्मग्रामांतही मंदिराची झाडलोट करणाऱ्या, वेदी सजवणाऱ्या आणि सणाचे जेवण रांधणाऱ्या किती तरी माता-भगिनी आहेत, ज्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर कोरली जात नाहीत.

सुमारे सात महिन्यांच्या परिश्रमांनंतर ३७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी त्याचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी प्रदर्शित झाला. त्यापूर्वी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ त्याच चित्रगृहात दाखवला गेला होता. परंतु ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते आणि त्यावरील प्रक्रिया परदेशात झाली होती. म्हणून संपूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला कथापट हा मान सामान्यतः ‘राजा हरिश्चंद्र’ला दिला जातो.

नाशिकचे दिवस

या यशानंतर दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रपटात त्यांना प्रथमच स्त्री कलावंत मिळाल्या. त्या म्हणजे दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई. पुढे कमलाबाई गोखले या नावाने त्या रंगभूमीवर व पडद्यावर प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर ‘सत्यवान सावित्री’ तयार झाला.

१९१४ साली हे तीन चित्रपट घेऊन दादासाहेब पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तंत्राची प्रशंसा केली. तेथेच राहून चित्रपट काढावेत, असा लाभदायक प्रस्तावही त्यांच्यापुढे आला. तो स्वीकारला असता, तर त्यांच्या कुटुंबाची ददात कायमची मिटली असती. परंतु हा उद्योग आपल्या देशात रुजला पाहिजे, या हट्टापायी त्यांनी तो नाकारला आणि ते परतले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले, भांडवलदारांनी हात आखडले आणि कारखाना अडचणीत आला. पुन्हा एकदा सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवरच निभवावे लागले.

१९१७ साली ‘लंकादहन’ने ही कोंडी फोडली. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत, असे सांगतात. तिकिटांच्या नाण्यांची पोती वाहून नेण्यासाठी मद्रासमध्ये बैलगाडी करावी लागल्याची हकीकतही प्रसिद्ध आहे. गिरगावात ख्रिस्तचरित्र पाहताना जे त्यांच्या मनात उभे राहिले होते, ते आता हजारो लोकांच्या डोळ्यांपुढे उभे होते.

१९१८ साली धनिक भागीदारांच्या साह्याने हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची स्थापना झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) हे तिचे गाजलेले चित्रपट. ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्णाची भूमिका दादासाहेबांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिने केली.

उतरती वाट

पैशाची चिंता मिटली, पण भागीदारांशी पटेना. दादासाहेब चित्रपटाकडे साधना म्हणून पाहत. भागीदारांना हिशेब हवा होता. यात सर्व दोष भागीदारांचाच होता, असे म्हणता येणार नाही. दादासाहेब हट्टी होते. खर्चाला मर्यादा घालणे त्यांना जमत नसे आणि दुसऱ्याचे ऐकणे त्याहूनही जमत नसे. लोणावळ्याच्या छापखान्यात जे घडले, त्याचीच नाशिकला पुनरावृत्ती झाली. कंपनी सोडून ते कुटुंबासह काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. परंतु त्याला यश आले नाही. काही काळाने ते पुन्हा कंपनीत परतले. मात्र पूर्वीचा बहर ओसरला होता.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. पुढील वर्षी प्रभात कंपनीने पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्याचे कथानक हरिश्चंद्राचेच होते. दादासाहेबांनी पेरलेले बीज असे दुसऱ्यांच्या शेतात उगवून आले होते. ते स्वतः मात्र मागे पडले होते. त्यांचा ‘सेतुबंधन’ (१९३२) मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट. त्यानंतर ते निवृत्त झाले. त्यांच्या नावावर ९५ च्या आसपास चित्रपट आणि २७ लघुपट जमा आहेत.

उत्तरायुष्य नाशिकमध्ये ओढगस्तीत गेले. १९३९ साली भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला. तोपर्यंत या उद्योगात लाखोंची उलाढाल होत होती. पण ज्याने तो उभा केला, त्याच्या घरी चूल पेटण्याची विवंचना होती. तरीही त्यांचे मन चित्रपटातून निघाले नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपट काढण्यासाठी सरकारी परवाना लागे. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, प्रकृती खालावलेली असताना, दादासाहेबांनी परवान्यासाठी अर्ज केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये नकार आला. तो धक्का त्यांना सोसवला नाही आणि दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिक येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

स्मरण

मरणोत्तर सन्मान पुष्कळ झाले. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. तो प्रथम देविका राणी यांना मिळाला. १९७१ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. मुंबईच्या गोरेगाव येथील चित्रनगरीला त्यांचे नाव दिले गेले आणि नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे राहिले. २००९ साली परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी चित्रपटाने ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीची कथा घराघरांत पोहोचवली. मात्र दादासाहेबांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चे तर काही तुकडेच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपले गेले आहेत.

त्यांनी उभ्या केलेल्या या उद्योगाने पुढे अनेक ख्रिस्ती कुटुंबांनाही भाकर दिली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट यांच्यासारखे गोमंतकीय वादक व संगीत संयोजक हिंदी चित्रपटसंगीताचा कणा ठरले. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मिळालेले संगीताचे शिक्षण अशा रीतीने साऱ्या देशाच्या कानी पडले.

आणखी एका घटनेचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पूर्ण होणार नाही. १९७८ साली ‘करुणामयुडु’ हा प्रभू येशूच्या जीवनावरील तेलुगू चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात भारतीय कलावंतांनी भूमिका केल्या होत्या. ‘दयासागर’ या नावाने तो हिंदीत आला आणि देशभरातील खेड्यापाड्यांत, मोकळ्या मैदानांत, पांढऱ्या कापडाच्या पडद्यावर दाखवला गेला. असंख्य लोकांनी प्रभूचे दुःखसहन प्रथमच पडद्यावर पाहिले. गिरगावात एका मराठी माणसाने ख्रिस्तचरित्रावरून जे घेतले होते, ते सहा-सात दशकांनी त्याने घडवलेल्या चित्रसृष्टीने अशा रूपाने ख्रिस्तचरित्रालाच परत केले.

ख्रिस्तसभेनेही या साधनाचे महत्त्व वेळीच ओळखले होते. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली खास चित्रपटांविषयी परिपत्रक काढले आणि त्यातील धोक्यांबरोबरच त्याच्या सामर्थ्याचीही जाणीव करून दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सामाजिक संपर्कसाधनांवर स्वतंत्र दस्तऐवज मंजूर केला. आज प्रत्येकाच्या हाती मोबाईलच्या रूपाने एक पडदा आहे. त्यावर आपण व आपली मुले दिवसाकाठी किती तरी चित्रे पाहतो आणि लगेच विसरतो. दादासाहेबांनी एक चित्रपट मन लावून पाहिला आणि त्यांचे उरलेले सारे आयुष्य त्यातून घडले.

कपिलधारच्या वाटेने जाणारी दिंडी असो वा आपल्या धर्मग्रामातील क्रूसाची वाट असो, श्रद्धावंत माणूस कथा ऐकतो व पाहतो ती तिच्यामागे चालत जाण्यासाठी. दुसऱ्याच्या श्रद्धेकडे आदराने पाहणे, त्यातील चांगले ते आपलेसे करणे आणि एकदा दिसलेल्या गोष्टीसाठी झिजणे, हे दादासाहेब व सरस्वतीबाई फाळके यांच्या जीवनातून आपल्याला शिकता येते. येत्या ३ मे रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’च्या प्रदर्शनाच्या दिवशी, या दांपत्याचे कृतज्ञतेने स्मरण करू या.